आधी टोपण उघडा, मग पुलर घ्या

क्रँकचा बोल्ट काढला की क्रँक हातात येईल, असं पहिल्या खेपेला सगळ्यांनाच वाटतं. बोल्ट निघतो, क्रँक ढिम्म हलत नाही. मग पायडल धरून ओढाओढ होते, मागच्या बाजूने हातोडीचे दोन ठोके बसतात, आणि एवढं झाल्यावर कुणीतरी सांगतं, "अहो, त्याला पुलर लागतो." मोबाइलवर 'क्रँक पुलर' शोधलं की काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे वीस पुलर समोर येतात. फोटोत सगळे सारखेच दिसतात, आणि माणूस स्वस्तातला किंवा सगळ्यात जास्त चांदण्या मिळालेला मागवून मोकळा होतो.

मीही तेच केलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मला लोक विचारतात, "अमुक कंपनीच्या गिअरच्या सायकलला कोणता पुलर चालेल?" या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच कंपनीच्या आठ हजारांच्या आणि ऐंशी हजारांच्या सायकलीत क्रँक बसवण्याची पद्धत पार वेगळी असते. हत्यार ठरतं ते क्रँक आणि ॲक्सल यांच्या सांध्यावरून, आणि तो सांधा एका प्लॅस्टिकच्या टोपणाआड दडलेला असतो. पाच मिनिटं काढून ते टोपण उघडायचं, टॉर्च मारून आत बघायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि मग दुकानात जायचं.

त्याही आधी क्रँक काढायची खरंच गरज आहे का, ते बघा. पायडल मारताना कटकट आवाज येतो म्हणून क्रँक उतरवणारे पुष्कळ. उभं राहून पायडल मारा. आवाज थांबला तर तो सीटचा किंवा सीटच्या दांड्याचा. थांबला नाही तर दोन हातांत दोन क्रँक धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून बघा. दोन्ही एकदमच डुलत असतील तर बीबीत, म्हणजे मधल्या बेअरिंगमध्ये, प्ले आलाय. एक डुलतोय आणि दुसरा ठाम आहे, असं असेल तर डुलणारा क्रँक ॲक्सलवर ढिला झालाय. त्याला पुलर नको, पाना हवा. नीट आवळा आणि चालवून बघा. मात्र ढिला क्रँक तसाच महिनाभर हाणला असेल तर आतलं चौकोनी भोक पोखरून गोलसर झालेलं असतं. मग कितीही आवळा, दहा किलोमीटरवर तो पुन्हा ढिला होतो. तिथे नवा क्रँकच लागतो.

कॉटरची सायकल

आजोबांची काळी सायकल, दूधवाल्याची, मुंबईच्या डबेवाल्यांची, गावाकडे पोतं लादायची. या सायकलींत क्रँक लोखंडी असतो आणि गोल ॲक्सलवर बसतो. त्याच्या कानातून आरपार जाणारी एक पिन नटासकट दिसते. हा कॉटर. इथे कसलाही पुलर चालत नाही, त्यामुळे तो विकत घेऊ नका. कॉटर म्हणजे साधी पाचर. कुदळीच्या दांड्यात मारतो तशीच, फक्त पोलादी. तिची एक बाजू तिरकी घासलेली असते आणि ती ॲक्सलवरच्या सपाट खाचेवर चेपून बसते.

पाचर ठोकून बसते आणि ठोकूनच निघते, म्हणून इथलं हत्यार हातोडा. पण दुकानात जे दृश्य दिसतं, सायकल आडवी पाडून छोट्या हातोडीने टक टक टक, ते चुकीचं. प्रत्येक ठोका ॲक्सलमधून थेट छर्‍यांवर जातो, आणि छर्रे बीबीच्या वाटीत खड्डे पाडतात. कॉटर निघतो, पण बीबीची खरखर मागे राहते.

पाण्याच्या लाइनचा जीआय पाइप घ्या. जमिनीवर उभा केल्यावर क्रँकच्या कानाच्या खालच्या बाजूला बरोबर टेकेल एवढा तो कापून आणा. पाइपाचं भोक असं हवं, की कॉटरचं डोकं त्यात मोकळेपणी उतरेल. सायकल उभी, कॉटरचा नट वरच्या बाजूला, क्रँकचा कान पाइपावर टेकलेला. नट ढिला करा पण काढू नका. नटाचा वरचा काठ आणि कॉटरचं टोक एका पातळीत येईल इतकाच फिरवा, म्हणजे मार नटावर बसतो आणि कॉटरचे आटे चेपत नाहीत. मग मोठा हातोडा, एक-दीड किलोचा, आणि एकच नेमका दणका. दहा भित्र्या ठोक्यांनी कॉटरचं टोक फुलतं. एका दणक्यात तो सुटतो. हात बिचकत असेल तर दुसर्‍या कुणाला तरी द्या, पण सायकल धरायला कुणीतरी हवंच.

गंजून बसलेला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. कॉटर दाबून काढायचं शिकंज्यासारखं एक खास हत्यारही असतं, परदेशात जुन्या सायकलींचे शौकीन ते वापरतात. आपल्याकडे पाइप आणि हातोडा पुरतो.

जुना कॉटर खिशात घालूनच नवा आणायला जा. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी तो बसत नाही, आणि बसला तर टिकत नाही. बसवताना दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे, एकाचा नट वर तर दुसर्‍याचा खाली. हे चुकलं की दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते. कॉटर ठोकून बसवा, नट आवळा, पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. नटाने ओढून कॉटर बसवायला जाऊ नका, आटे तुटतील. नटाचं काम फक्त पाचर सरकू न देण्याचं.

चौकोनी ॲक्सल

गिअरच्या बहुतेक मध्यम किमतीच्या सायकलींत आणि आता पुष्कळशा साध्या सायकलींतही जो प्रकार असतो, त्याला आपल्याकडे दुकानदार 'कॉटरलेस' म्हणतात. 'क्रँक पुलर' हे हत्यार खरं तर यासाठीच. आणि सगळ्यात जास्त नासधूसही याच प्रकारात होते, म्हणून इथे जरा निवांत बसू.

टोपण उघडल्यावर आत बोल्टचं डोकं दिसतं. ते षटकोनी असेल तर बहुधा १४ नंबरचं. आत षटकोनी खळगा असेल तर ८ नंबरची ॲलन की. बोल्टभोवतीच्या गोल भिंतीला आतून बारीक आटे पाडलेले दिसतील. ते पुलरचे आटे. त्यांचा व्यास २२ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. आजच्या चौकोनी ॲक्सलच्या क्रँकमध्ये हेच माप चालतं. अपवाद जुन्या फ्रेंच क्रँकचा. टीए आणि स्ट्राँगलाइट या कंपन्यांची मापं वेगळी होती. तुमच्याकडे तसली सायकल असेल तर तुम्हाला हा लेख वाचायची गरज नाही.

बोल्ट काढल्यावरही क्रँक का निघत नाही? ॲक्सलचं चौकोनी टोक किंचित निमुळतं असतं, प्रत्येक बाजू मध्यरेषेला साधारण २ अंशांनी कललेली. त्यावर ॲल्युमिनियमचा क्रँक बोल्टच्या जोराने चढवलेला असतो. स्टीलचे पेले एकात एक घालून ठेवले की कसे अडकून बसतात, तसंच हे. मधून ढकलणारं काहीतरी लागतं, आणि तो ढकलणारा दांडा म्हणजेच पुलर.

पुलरचे दोन भाग. बाहेरचा आटेवाला गोळा क्रँकमध्ये फिरवून बसतो. त्याच्या मधून जाणारा स्क्रू ॲक्सलच्या टोकावर दाबतो. ॲक्सल कुठे जाऊ शकत नाही, म्हणून क्रँक बाहेर येतो. मात्र सगळा जोर क्रँकच्या त्या बारीक ॲल्युमिनियमच्या आट्यांवर येतो. पुलर पोलादाचा, आटे ॲल्युमिनियमचे. हार कुणाची होणार ते उघड आहे.

आता माझी कथा. माझ्या सायकलीचा डावा क्रँक काढायचा होता. पुलर मागवला होता, 'सर्व सायकलींना चालणारा'. बोल्ट काढला, पुलर बसवला, स्क्रू फिरवला. जोर लागत होता, छान लागत होता, म्हटलं आता निघणार. कर्र असा आवाज आला आणि पुलर हातात आला. क्रँक जागच्या जागी. पुलरच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चमचमती जिलेबी गुंडाळलेली होती, सलग, चांगली चार वेढ्यांची. ते माझ्या क्रँकचे आटे होते.

झालं होतं असं. पुलरच्या स्क्रूच्या टोकाला जाडसर बोंडूक होतं, १६ मिमीच्या आसपास. चौकोनी भोकाची रुंदी त्याहून कमी. त्यामुळे बोंडूक ॲक्सलपर्यंत पोचलंच नाही, क्रँकच्याच आतल्या काठावर टेकून बसलं. म्हणजे पुलर क्रँकला धरून क्रँकलाच ढकलत होता. ज्या पाटावर बसलोय तोच पाट उचलायचा प्रकार. यात कुठला तरी एक भाग तुटणार होता आणि तो तुटला. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट नंतर कळली. ते जाड बोंडूक वरून घातलेली टोपी होती. चिमट्यात धरून ओढली की निघत होती, आणि खाली बरोबर बारीक टोक होतं. सोबतच्या चिठ्ठीवर चित्रही होतं. मी चिठ्ठी फेकून दिली होती.

ते जाड टोक कशासाठी असतं? चौकोनाऐवजी खाचांचा जाड, पोकळ ॲक्सल असलेले क्रँक येतात. शिमानोचा ऑक्टालिंक आणि इतर कंपन्यांनी मिळून वापरलेला आयसिस, हे त्यातले दोन मुख्य. तिथे ॲक्सलच्या तोंडाचं भोकच मोठं असतं. बारीक टोकाचा पुलर त्या भोकात शिरतो, ढकलायला काही सापडत नाही आणि ॲक्सलच्या आतले आटे ओरबाडले जातात. म्हणून तिथे जाड टोक किंवा भोकावर ठेवायची छोटी चकती लागते. चौकोनाला बारीक, खाचांना जाड. पुलर निवडताना एवढी एक गोष्ट पाठ असली तरी पैसे वाचतील. बोल्ट काढा आणि भोकात बघा. चार सपाट बाजू दिसल्या तर चौकोन. गोल रिंगणात दातेरी खाचा दिसल्या तर दुसरा प्रकार.

दुकानात पुलर हातात घेतलात की टोक बोटांनी फिरवून बघा. चांगल्या पुलरचं टोक स्क्रूपासून सुटं, गरगर फिरणारं असतं. मग ते ॲक्सलवर घासत नाही, नुसतं दाबतं. बाहेरचे आटे नखाने चाचपा. धारदार, सलग आणि काठापासून सुरू झालेले हवेत. पहिला आटा चेपलेला असेल तर तो पुलर परत ठेवा. तिसरी गोष्ट, मधला स्क्रू मागे किती जातो ते बघा. टोक पूर्ण आत खेचता आलं पाहिजे. मूठ जोडलेला पुलर सोयीचा असतो, पान्याने फिरवायचा स्वस्त असतो आणि लांब पाना लावला की तितकाच जोरदार. घरच्या वापराला मी पान्याचाच घेईन, मुठीचे जास्तीचे पैसे ॲलन कीच्या चांगल्या सेटवर घालीन. पार्क टूलचा सीडब्ल्यूपी-७ हा दोन्ही टोकांसह येतो. घरात दोन-तीन तर्‍हेच्या सायकली असतील तर तो घ्यायला हरकत नाही. एकच चौकोनी ॲक्सलची सायकल असेल तर त्याच कंपनीचा सीसीपी-२२ किंवा तसला कुठलाही सरळ, बारीक टोकाचा पुलर पुरतो. सतरा हत्यारं एका डबीत देणारे संच मात्र टाळा. त्यातला पुलर सतरावा भाग असतो आणि तसाच बनवलेला असतो.

बोल्ट काढायला १४ नंबरचा गोटी पाना लागतो, आणि इथे एक बारीक खोच आहे. क्रँकच्या भोकाचं आतलं माप २१ मिमीच्या आसपास. ट्रक-मोटारीच्या कामाची जाड भिंतीची गोटी तिथे जेमतेम शिरते किंवा ठोकून घालावी लागते, आणि ठोकली की पुलरच्या आट्यांचे दोन वेढे तिथेच जातात. पातळ भिंतीची गोटी घ्या, अर्ध्या इंचाच्या चौकोनाऐवजी ३/८ इंचाची. मोटरसायकलवाले वापरतात तो १४चा टी-पाना भिंतीने पातळ असेल तर उत्तम. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटी गोटी सहज मिळते. जाताना क्रँकच्या भोकाचं माप घेऊन जा.

आता प्रत्यक्ष काम. पायडलं बदलायची असतील तर ती आधी काढा. क्रँक सायकलवर असतानाच पायडल सोडवायला टेकू मिळतो, हातात आलेल्या क्रँकचं पायडल काढणं म्हणजे कुस्ती. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. क्रँकचे बोल्ट मात्र दोन्ही बाजूंना सरळ, घड्याळाच्या उलट दिशेने सुटणारे. साखळी मोठ्या चेनव्हीलवर चढवून ठेवा. पाना सटकला तर बोटांची हाडं उघड्या दात्यांवर जाण्याऐवजी साखळीवर जातील. या एका सल्ल्याबद्दल मला आजवर तीन जणांनी चहा पाजलाय.

बोल्ट काढल्यावर त्याच्याखालचा वॉशर निघाला का बघा. दुकानाच्या भाषेत वायसर. तो बोल्टसोबत येतोच असं नाही. ग्रीसला चिकटून आतच बसतो, काळा, त्यामुळे दिसतही नाही. त्यावर पुलर लावला तर माझ्या बोंडकासारखीच गत होते, कारण वॉशर क्रँकला टेकलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने किंवा चुंबकाने तो ओढून घ्या. टॉर्च मारल्यावर ॲक्सलचं उघडं टोक आणि त्यातलं बोल्टचं भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. काही सायकलींत बोल्टऐवजी नट असतो, मग ॲक्सलचाच आटेवाला शेंडा बाहेर डोकावतो. तिथे पुलरचा स्क्रू आणखी मागे घ्यावा लागतो, एवढाच फरक.

जुन्या टूथब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून आटे धुवा. आपल्याकडचा पावसाळी चिखल सुकला की आट्यांत सिमेंटसारखा बसतो, आणि त्यावर पुलर रेटला की पहिला आटा वाकडा जातो. धुतल्यावर थोडं ग्रीस लावा. पुलरचा मधला स्क्रू पूर्ण मागे घ्या, अगदी टोक गोळ्यात दिसेनासं होईपर्यंत. मग बोटांनी, फक्त बोटांनी, पुलर क्रँकमध्ये फिरवा. आधी अर्धा वेढा उलटा फिरवा. आटे एकमेकांत पडल्याची टुक अशी हलकी जाणीव होते, तिथून सरळ फिरवायला सुरुवात करा. तळाशी जाईपर्यंत तो बोटांनी गेलाच पाहिजे. दोन वेढ्यांत अडला तर काढून पुन्हा लावा. स्क्रू मागे न घेता पुलर बसवला तर टोक ॲक्सलला आधीच टेकतं आणि पुलर दोन-तीन आट्यांवर लटकून राहतो. बाहेरून ते पूर्ण बसल्यासारखंच वाटतं. आटे जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

गोळा तळाशी गेला की पान्याने हलकासा आवळा आणि मग मधला स्क्रू आत फिरवायला लागा. पाना आणि क्रँक एकमेकांजवळ येतील असे धरा, मुठीत दोन्ही दाबल्यासारखे. मग सायकल फिरत नाही. आधी जड जाईल, मग आणखी जड, आणि मग कट् असा आवाज होऊन स्क्रू एकदम हलका पडेल. क्रँक सुटला. पहिल्यांदा हा आवाज ऐकून काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडलेलं नसतं.

जोर लावूनही हलत नसेल तर पान्याला पाइप घालून ताकद वाढवू नका. थांबा. वॉशर पुन्हा तपासा. टोक कशावर टेकलंय ते बघा. सगळं ठीक असेल तर चौकोनाच्या मागच्या बाजूने तेल सोडा, पुलर ताणावर ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी ताण असतानाच क्रँकच्या मुळाशी लाकडी ठोकळा ठेवून दोन हलके ठोके द्या. बहुतेकदा सुटतो.

आटे गेलेच तर

गेलेले आटे परत येत नाहीत, पण क्रँक काढता येतो. मी माझी सायकल ढकलत नाक्यावरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेली होती. त्याच्याकडे पंप आणि मोटारींच्या बेअरिंगा काढायचा दोन पायांचा पुलर असतो. त्याचे पाय क्रँकच्या मागून अडकवायचे आणि मधला स्क्रू ॲक्सलवर. ॲक्सलच्या भोकात आधी जुना बोल्ट दोन-चार आटे फिरवून ठेवायचा, त्याच्या डोक्यावर स्क्रू टेकतो आणि भोक शाबूत राहतं. मात्र बोल्ट इतका बाहेर हवा, की क्रँक सरकायला जागा मिळेल. त्याने दोन मिनिटांत काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "हा पुलर घ्यायचा ना आधीच!" मी गप्प बसलो.

डावीकडे हे सोपं जातं. उजवीकडे चेनव्हील आडवं येतं, त्याचे बोल्ट काढून आधी ते सोडवावं लागतं, आणि स्वस्त क्रँकमध्ये चेनव्हील रिव्हेट केलेलं असेल तर पुलरचे पाय लांब आणि पातळ लागतात. आणखी एक गावठी उपाय सांगितला जातो. बोल्ट थोडा ढिला करून सायकल चालवा, क्रँक आपणच सुटतो. सुटतो खरा, पण चौकोनी भोक कायमचं बिघडवून. तो क्रँक भंगारातच जाणार असेल तर मोकळ्या मैदानात करून बघा, रस्त्यावर नको.

डावा क्रँक सुटा मिळतो. जुन्याच्या मागच्या बाजूला लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, १६५, १७०, १७५ अशी. तीच घ्या.

पुलर न लागणारे

बोल्टऐवजी डाव्या क्रँकवर आडवे दोन छोटे ॲलन बोल्ट आणि मधे आठ खाचांची प्लॅस्टिकची टोपी दिसली, तर ते शिमानोचं होलोटेक-२ किंवा त्याचं भावंड. शिमानोने हे २००३च्या आसपास महागड्या सायकलींत आणलं, आता ते मधल्या किमतीतही दिसतं. इथे पुलर नको. ५ नंबरची ॲलन की आणि त्या टोपीची छोटी दातेरी किल्ली. दोन्ही बोल्ट आळीपाळीने ढिले करा, मधली प्लॅस्टिकची पट्टी वर उचला, टोपी काढा, डावा क्रँक हाताने ओढून घ्या. मग रबरी हातोड्याने ॲक्सलला डावीकडून टिचकी मारली की उजवा क्रँक ॲक्सलसकट बाहेर. परत बसवताना ती टोपी बोटांच्या जोरानेच आवळा. तिचं काम प्ले घालवणं, क्रँक धरणं नव्हे. धरतात ते दोन बोल्ट, १२ ते १४ न्यूटन-मीटरवर.

काही क्रँकना बाहेरच्या बाजूला दोन बारीक भोकांची चकती आणि मधे ८ची ॲलन की बसणारा बोल्ट असतो. हे स्वतःच पुलर असलेले क्रँक, स्रॅमचे बरेचसे असे येतात. बोल्ट सोडवत जा. थोडा हलका जातो, मग पुन्हा जड होतो, आणि त्या जड होण्यातच क्रँक बाहेर ढकलला जातो. जड लागलं म्हणून थांबू नका, आणि ती चकती काढू नका. लोक नेमक्या याच दोन चुका करतात.

लहान मुलांच्या काही सायकलींत दोन्ही क्रँक आणि ॲक्सल मिळून एकच वाकवलेला लोखंडी दांडा असतो. तिथे डावं पायडल काढून त्या बाजूचा नट सोडवायचा, तोही उलट आट्यांचा. मग तो अख्खा दांडा उजव्या बाजूने तिरका करत फ्रेममधून ओवून काढायचा. साधा पाना पुरतो.

पुलर मागवताना एक गोष्ट बरोबरच मागवा. क्रँक काढला तो बीबी बदलायला, आणि बीबी काढायचं हत्यार घरात नाही, असं शनिवारी संध्याकाळी लक्षात येतं. चौकोनी ॲक्सलच्या बंद बीबीला आतून खाचा असतात, त्यात बसणारी दातेरी गोटी वेगळी मिळते. उजव्या बाजूची वाटी आपल्याकडच्या नेहमीच्या फ्रेममध्ये उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेने सुटते. हे न कळल्यामुळे ती आणखी आवळून बसलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. नवी बीबी घेताना फ्रेमच्या नळीची रुंदी मोजा, ६८ किंवा ७३ मिमी. ॲक्सलची लांबी जुन्या बीबीवरून घ्या.

परत बसवताना चौकोन आणि भोक कोरडं पुसा. ॲक्सलला ग्रीस लावावं की नाही यावर सायकलवाल्यांत जुना वाद आहे. मी पातळ थर देतो, लावला नाही तरी काही बिघडत नाही. बोल्टच्या आट्यांना मात्र लावाच. बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा. पान्याचा दांडा २० सेंमी लांब असेल आणि टोकावर २० किलोच्या पोत्याइतका भार पडेल असं दाबलं, तर साधारण ४० न्यूटन-मीटर होतात. हाताला हे बर्‍यापैकी जास्त वाटतं. लोक बहुतेक कमीच आवळतात आणि मग क्रँक ढिला पडतो. पहिल्या लांब फेरीनंतर एकदा तपासा. नंतर दर आठवड्याला आवळत बसू नका, क्रँक चौकोनावर आणखी वर चढत जातो आणि एक दिवस मुळाशी चिरतो.

आणि ते टोपण परत लावा. दुकानदार ते काढल्यावर हमखास हरवतात. हरवलं असेल तर आट्यांत घट्ट ग्रीस भरून ठेवा, पावसाळ्यापूर्वी तरी. पुढच्या वेळी पुलर बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे.